मेलेले गहाण, जिवंत गहाण

आमच्या वडिलोपार्जित घरातील एका पत्र्याच्या पेटीत बाप्तिस्म्याचे दाखले, आजीची जपमाळ आणि जमीनमहसुलाच्या पावत्या यांच्यासोबत एक गहाणखत जपून ठेवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थोरल्या आत्याच्या लग्नासाठी आमच्या आजोबांनी बाराशे रुपये उचलले व त्यापोटी केळीची वाडी सावकाराला कबजेगहाण लिहून दिली. वाडीचा ताबा कागदावर सावकाराचा. प्रत्यक्षात मात्र आजोबाच खंडाने ती कसत होते. स्वतःच्या वाडीत कुळ होऊन राहण्याची ही रीत त्या काळी सर्रास होती. खंड गेला की व्याज फिटले, असा करार. मुद्दल मात्र जिथल्या तिथे.

आजोबांना हे उमगले नव्हते असे नाही. म्हणूनच घड बाजारात चांगल्या भावाने गेले की ते खंडावर आणखी वीस-पंचवीस रुपये नेऊन देत. कर्ज लवकर फिटावे, वाडी मुलांच्या हाती मोकळी यावी, एवढीच त्यांची इच्छा. गहाणखताच्या पाठीवर या भरण्याच्या नोंदी आहेत; सावकाराच्या कारकुनाने त्या मोडीत केलेल्या आहेत. आजोबा चर्चच्या शाळेत बाळबोध शिकलेले. मोडी त्यांना वाचता येत नसे. आठ-नऊ वर्षांनी हिशेबाची वेळ आली तेव्हा एका जाणत्याकडून त्या नोंदी वाचून घेतल्या. प्रत्येक नोंदीपुढे 'खंडाच्या बाकीपैकी पावले' असे शब्द होते. मुद्दलापोटी एक पैसाही जमा नव्हता. बाराशेचे बाराशे उभे होते.

त्या कागदाने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला आणि सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना तो पुन्हा अनपेक्षितपणे भेटला. ऋणको ठरल्यापेक्षा जास्त पैसे देतो तेव्हा ते नेमके कोठे जातात? ते मुद्दलाला लागतात की धनकोच्या वहीत मुके होऊन पडतात? घर किंवा शेत मुदतीआधी सोडवून घेण्याचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पवित्र शास्त्रात लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात याचा फार जुना विचार आहे. दारिद्र्यामुळे कोणी आपले वतन विकले आणि पुढे त्याच्या हाती पैसा आला, तर विक्रीपासून किती वर्षे लोटली ती मोजावीत, उरलेल्या वर्षांचे मोल खरेदीदाराला परत द्यावे आणि आपल्या वतनात परत जावे, अशी ती व्यवस्था. योबेल वर्षी जमीन आपोआप परत यायचीच. पण तोवर थांबण्याची सक्ती नाही. जितकी वर्षे खरेदीदाराने पीक खाल्ले तितके मोल वजा. म्हणजे मुदतीआधी सोडवणूक आणि तिचा प्रमाणशीर हिशेब या दोन्ही गोष्टी तेथे स्पष्ट आहेत. तटबंदीच्या नगरातील घरासाठी मात्र नियम कठोर होता: एका वर्षात सोडवले नाही तर ते कायमचे खरेदीदाराचे. खेड्यातील घरे शेताप्रमाणेच मानली जात. शहरात घर घेणाऱ्याला तेव्हाही सवलत कमीच होती म्हणायची!

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात हीच व्यवस्था मोडलेली दिसते. शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आहेत, मुलेमुली दास्यात गेली आहेत आणि लोक आक्रोश करीत आहेत. नहेम्या सरदारांना धान्य व पैशाचा शंभरावा हिस्सा परत करायला सांगतो. हा शंभरावा हिस्सा दरमहा घेतल्या जाणाऱ्या व्याजाचा असावा, असे अनेक भाष्यकार मानतात. दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला बारा टक्के. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

मध्ययुगीन युरोपात व्याज घेणे ख्रिस्तसभेने निषिद्ध मानले होते, परंतु निषेधाला वळसा घालण्याची कला माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. धनको जमीन ताब्यात घेई, तिचे पीक वर्षानुवर्षे खाई आणि वर मुद्दल पूर्ण मागे. व्याज म्हणून काही घेतलेच नाही, असे म्हणायला तो मोकळा. अशा धनकोंमध्ये मठवासी व धर्मगुरूही होते, हे आम्ही संकोचाने पण लपवाछपवी न करता लिहितो. ११६३ साली फ्रान्समधील तूर येथे पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तिने धर्मसेवकांच्या या व्यवहारावर बोट ठेवले. गहाण जमिनीच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरेल ते मुद्दलात धरावे आणि मुद्दल वसूल झाले की जमीन मालकाला परत करावी, असा तिचा निर्णय होता.

पुढे पंचवीस वर्षांच्या आसपास इंग्लंडमध्ये ग्लॅनव्हिल यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला कायद्याचा ग्रंथ तयार झाला. त्यात गहाणाचे दोन प्रकार येतात. उत्पन्न कर्जात जमा होऊन ऋण हळूहळू उतरते ते जिवंत गहाण. उत्पन्न धनको खातो आणि ऋण तसेच राहते ते मेलेले गहाण. असा व्यवहार करणे पाप आहे, पण राजाचे न्यायालय तो रद्द करीत नाही, असा त्या ग्रंथाचा अभिप्राय. इंग्रजीत घराच्या कर्जाला आज जो 'मॉर्गेज' शब्द सर्रास वापरतात, त्याचा मूळ अर्थ हे मेलेले गहाण. पंधराव्या शतकात लिटलटन या कायदेपंडिताने त्याची वेगळी व्युत्पत्ती सांगितली: पैसे दिले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, दिले तर धनकोला मेली. आम्हाला जुना अर्थच अधिक बोलका वाटतो. आमच्या पेटीतला कागद त्या अर्थाने मेलेलाच होता.

गोरगरिबांच्या छोट्या नडीसाठी फ्रान्सिस्कन संन्याशांनी १४६२ मध्ये इटलीतील पेरुजा येथे धर्मादाय तारणपेढी उघडली व तिच्यासारख्या पेढ्या इतरत्र पसरल्या. खर्चापुरती माफक रक्कम घेणे म्हणजे सावकारी नव्हे, असा निर्वाळा १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने दिला. परंतु तेथे तारण असे ते भांड्याकुंड्यांचे व कपड्यांचे. घर-जमिनीचा प्रश्न तिने सुटण्यासारखा नव्हता.

आता आपल्या भूमीकडे वळू. महाराष्ट्राच्या इतिहासात गहाणखताची सर्वांत मोठी होळी १८७५ साली पेटली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि भाव कोसळले. त्यातच सरकारने जमीनमहसूल वाढवला. आणखी एक कारण मात्र शेतकऱ्याच्या हितासाठी म्हणून केलेल्या कायद्यात दडले होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरवली. हेतू असा की व्याज अनंतकाळ साचू नये. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून नवा लिहून घेतला आणि तोवरचे थकलेले व्याज नव्या रोख्याचे मुद्दल केले. शेतकऱ्याने मधल्या काळात धान्य दिले, रोकड दिली; पावती नाही, नोंद नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी लोकांनी बाजारातील सावकारांची दुकाने व घरे घेरली, वह्या व रोखे मागितले आणि जाळले. हे लोण पुण्यातून अहमदनगर जिल्ह्यात गेले. माणसांवर हात टाकण्याचे प्रसंग थोडे; रोष होता तो कागदावर. अडाणी म्हणून ज्यांची हेटाळणी होई त्या शेतकऱ्यांना आपले दुखणे नेमके कोठे आहे हे ठाऊक होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. न्यायालयाने रोख्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासावा, मुद्दल व व्याज वेगळे मांडावे, हप्ते पाडून द्यावेत, अशा तरतुदी त्यात होत्या. आमच्या मते त्यातील सर्वांत मोलाची तरतूद अगदी साधी दिसते: शेतकऱ्याला प्रत्येक भरण्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास नोंदवही मिळण्याचा हक्क. तूर येथील परिषदेने जे नीतीच्या भाषेत सांगितले ते येथे पावतीच्या रूपाने आले. दिलेला पैसा कोठे गेला हे दिसल्याशिवाय तो फिटला असे म्हणता येत नाही.

याच संदर्भात दामदुपटीच्या नियमाविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्याविषयी आपल्या लोकांत गैरसमज आहे. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा हा धर्मशास्त्रातला जुना नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये पाळीत. पण तो हिंदू ऋणकोसाठी होता. आमच्या ख्रिस्ती पूर्वजांना त्याचा आधार नव्हता. आणि असता तरी आमच्या आजोबांना त्याचा उपयोग झाला नसता. नियम थकलेल्या व्याजापुरता आहे. जो दरवर्षी इमानाने व्याज भरतो त्याने मुद्दलाच्या तिप्पट दिले तरी दामदुपटीचा त्याच्याशी संबंध येत नाही. नियमित भरणाऱ्याचे रक्षण करणारा नियम हवा असेल तर तो मुद्दल उतरवणाराच असला पाहिजे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण सोडवण्याचा हक्क पक्का केला. पण त्यातही मुद्दल देय झाल्यानंतर केव्हाही, असे शब्द आहेत. मुदत दहा वर्षांची लिहिलेली असेल तर पाचव्या वर्षी पैशांची थैली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या ऋणकोला परत पाठवण्याचा अधिकार धनकोला राहिला. लवकर फेडणे हा सद्गुण खरा. पण कायद्याने तो बराच काळ हक्क मानला नव्हता. धनकोच्या दृष्टीने पाहिले तर लवकर फिटणारे कर्ज म्हणजे बुडालेले उत्पन्नच.

या कोंडीतून सुटकेची वाट सहकाराने दाखवली. जर्मनीत रायफायझन यांनी १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था उभारली, तो नमुना भारतात १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने आला. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिकांची सहकारी पतपेढी सुरू झाली, ती पुढे बँक झाली. सावकार आणि पतपेढी यांत व्याजाच्या दराइतकाच आणखी एक फरक होता: पतपेढीच्या पुस्तकात मुद्दलाचा रकाना वेगळा होता आणि तो सभासदाला वाचता येत होता. आमच्या वडिलांनी व काकांनी शेवटी एका सोसायटीकडून कर्ज घेऊन सावकाराचे बाराशे रुपये दिले आणि वाडी सोडवली. ते दुसरे कर्ज त्यांनी पाच वर्षांच्या मुदतीऐवजी तीन वर्षांत फेडले. ती पासबुकेही पेटीत आहेत. दर भरण्यापुढे मुद्दलाचा आकडा घटत गेलेला पाहताना आजही समाधान वाटते.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी घरबांधणीसाठी कर्ज देणारी वित्तसंस्था उभी केली आणि पगारदार मध्यमवर्गाला मासिक हप्त्याने घर घेण्याची वाट खुली झाली. नव्वदच्या दशकात आमच्या थोरल्या बंधूंनी एका संस्थेकडून असे कर्ज घेतले. त्या वेळी आम्ही सेमिनरीत होतो. सणासाठी बोनस मिळाला की ते दहा हजार रुपये जास्तीचे भरायला जात. एका वर्षी त्यांना सांगण्यात आले की, आज भरा किंवा पुढच्या मार्चमध्ये भरा, व्याजाला फरक पडणार नाही. कारण तेव्हा व्याज आकारणी वार्षिक शिलकीवर होत असे. वर्षारंभी जे मुद्दल असेल त्यावर वर्षभराचे व्याज. मध्ये दरमहा भरलेले पैसे वर्ष संपल्यावरच मुद्दलातून वजा. बंधूंचे दहा हजार कित्येक महिने त्या वहीत मेलेले पडून राहिले. पुढे मासिक शिलकीवर व्याज आकारण्याची रीत रूढ झाली. हे सारे रीतसर करारात लिहिलेले होते, फसवणूक कोणी केली नव्हती; पण लिहिलेले होते ते इंग्रजीत, बारीक टाइपात. मोडीचीच ती नवी आवृत्ती.

हप्त्यांचे गणित किती विलक्षण असते ते धर्मग्रामातील कुटुंबांना समजावे म्हणून आम्ही एकदा कागदावर मांडले. पाच लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, आणि दर नहेम्याच्या काळचाच, दरमहा शेकडा एक. हप्ता येतो सुमारे ५,५०५ रुपये. पहिल्या हप्त्यातील ५,००० रुपये व्याजाचे. मुद्दलाला लागतात अवघे ५०५. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावर मुद्दल उरते सुमारे ३ लाख ८४ हजार. अर्धी मुदत गेली आणि चतुर्थांश मुद्दलही फिटले नाही! निम्मे मुद्दल फिटायला जवळजवळ पंधरा वर्षे लागतात. वीस वर्षांत एकूण १३ लाख २१ हजार भरले जातात.

आता याच कुटुंबाने पहिल्या महिन्यापासून हजार रुपये जास्त भरले आणि ते मुद्दलाला लागले, तर कर्ज सव्वाबारा वर्षांच्या सुमारास संपते आणि व्याजाचे साडेतीन लाखांहून अधिक रुपये वाचतात. दरमहा हजार झेपत नसतील, तर वर्षाअखेरीस एक हप्ता जादा भरला तरी साडेपंधरा वर्षांच्या आत मोकळीक मिळते. पाचशे पाच रुपये मुद्दलाला लागत असताना हजार जादा म्हणजे मुद्दल उतरण्याचा वेग तिप्पट होतो. सारे रहस्य एवढ्यातच आहे. म्हणून आरंभीची वर्षे मोलाची. शेवटच्या दोन वर्षांत घाई करून फारसे काही वाचत नाही, कारण तोवर व्याज बहुतेक देऊन झालेले असते.

असे जादा पैसे घेताना काही संस्था पूर्वी दंड आकारीत. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तिगत कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांनी घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१२ च्या जूनमध्ये काढला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. काही कर्जदारांना निवृत्तीनंतरही हप्ते उरतील हे उशिरा कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी व अंशतः किंवा पूर्ण फेडीची मुभाही असावी. ११६३ ची परिषद आणि हे परिपत्रक यांच्यामध्ये साडेआठशेहून अधिक वर्षे आहेत.

आम्हाला स्वतःला हप्ते भरावे लागत नाहीत. धर्मगुरूच्या डोक्यावर छप्पर धर्मग्रामाचे असते. त्यामुळे या विषयावर उपदेश करण्याचा आमचा अधिकार तोकडा आहे, हे आम्ही जाणतो. तरीही एक प्रसंग सांगावासा वाटतो. दोन वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एक जोडपे आमच्याकडे आले. नऊ वर्षे त्यांनी दर महिन्याला जादा पैसे भरले होते. पतीला वाटे की उरलेले कर्ज पत्नीचे दागिने मोडून एकदम फेडावे. पत्नी म्हणे की मुलीच्या परिचारिका अभ्यासक्रमाची फी आधी. दोघांचे म्हणणे मनापासूनचे होते. आम्ही पतीची बाजू घेतली नाही. हाती सहा महिन्यांचा संसारखर्च नसताना सगळा पैसा भिंतींत कोंडणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. आजारपण आले की तेच घर पुन्हा गहाण पडते, आणि नव्या कर्जाचे व्याज जुन्यापेक्षा चढे असते. मात्र त्यांचा हिशेबाचा कागद पाहिल्यावर आम्ही चकित झालो. जादा भरण्यांनंतर बँकेने मुदत तीच ठेवून मासिक हप्ता कमी केला होता. दोघांपैकी कोणी अर्ज केला नव्हता, कोणी विचारलेही नव्हते. दर वेळी जादा भरताना 'हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी' असे लेखी देऊन त्याची पोच घ्यावी लागते, हे त्यांना नवव्या वर्षी कळले. पती बराच वेळ काही बोलला नाही. आम्हाला आजोबांच्या कागदाची पाठ आठवली.

त्यांनी अर्ज दिला. मुलीची फी भरली, दागिने राहिले आणि मुदत चार वर्षांनी घटली. गेल्या पावसाळ्यात कर्ज संपले. मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत करण्याचे बंधन १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर आहे, उशीर बँकेमुळे झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. त्यांना ती विसाव्या दिवशी मिळाली. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यातला बोजा मात्र आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, फेरफार मंजूर व्हावा लागतो. त्या दाम्पत्याने तेही केले आणि नव्या उताऱ्याची एक प्रत आम्हाला दाखवायला आणली. रकाना कोरा होता.